मागचा माणूस

१

लाकडाच्या गिरणीत माणसं बोलत नाहीत, ठोकतात. लग्न होऊन या घरात आल्यावर वहिनींना हे कळायला फार दिवस लागले नाहीत, पण त्यापायी त्यांचं हसं मात्र पुष्कळ झालं. पहिल्याच आठवड्यात जेवण वाढताना त्यांनी हातातला डाव टेबलाच्या कडेवर आपटून झटकला, ठक ठक ठक. त्याबरोबर सासरे आणि त्यांचे दोन्ही मुलगे अर्ध्या ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, उठवलंस की सगळ्यांना! आता बस तूच त्यांच्या वाटचं जेवायला."

त्या घरात तीन ठोके म्हणजे संपलं. दोन म्हणजे येऊ दे. आणि एक म्हणजे थांब, असशील तिथे थांब.

ही भाषा गिरणीतून घरात आली होती. अंगण ओलांडलं की गिरणीची लांबलचक पत्र्याची शेड. शेडच्या मधोमध करवतीचं उंच पातं, आणि पात्याच्या दोन्ही अंगांना छपरापर्यंत फळ्यांचा आडोसा. ओंडका गाड्यावर चढवायचा आणि पुढच्या माणसाने गाडा पात्याकडे ढकलायचा. आडोशातल्या फटीतून चिरलेली फळी मागच्या बाजूला निघते, ती मागच्या माणसाने धरायची, ओढायची, रचायची. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढचा दिसत नाही, आणि पात्याच्या आवाजात तोफ उडाली तरी ऐकू येणार नाही. म्हणून मागच्याकडे एक लाकडी मोगरी असते. बाहेर आलेल्या लाकडावर तो ती मारतो, आणि तो ठोका लाकडातून सरळ पुढच्याच्या तळहातात जातो. कानांचं काही काम नाही.

गिरणी घातली ती सासऱ्यांच्या वडिलांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने. नदीकाठी झुडपं तोडून शेड उभारली, तेव्हा गावात दोन रस्तेही नव्हते म्हणतात. आज गावात दाराची अशी चौकट सापडायची नाही जी या पात्याखालून गेली नाही. थोरले आजोबा पुढे, धाकटे आजोबा मागे. नंतर सासरे पुढे, त्यांचे चुलतभाऊ मागे. मग वहिनींचे यजमान पुढे आणि दीर मागे. यजमानांना सगळं गाव दादा म्हणे, दिरांना धाकटे. पुढे कधी गडी उभा राहिला असेल, पण मागे कायम घरचाच माणूस. ज्याच्या ठोक्यावर आपली बोटं आहेत तो परका कसा चालेल?

आणखी एक रिवाज होता. पुढच्याने आपण होऊन पातं बंद करायचं नाही. मागून तीन ठोके आले तरच. थोरल्या आजोबांनी एकदा, एकदाच, आपल्या मनाने पातं थांबवलं आणि आपल्याच मनाने परत सुरू केलं. मधल्या वेळात धाकटे आजोबा मागे काय करत होते आणि पुढे काय झालं, ते या घरात कुणी सांगत नाही. वहिनींनीही कधी विचारलं नाही. आपण सून म्हणून आलोय, उकरायला नाही, असं त्यांना वाटे.

आता धाकटे गिरणीत नव्हते. कंबर गेली म्हणून ते लांब, आपल्या लेकीकडे राहायला गेले होते. दादांनी मागच्या बाजूला लोखंडी रूळ टाकून घेतले, म्हणजे फळी आपोआप घरंगळत जाईल, आणि ते एकटेच काम करू लागले. डाव्या कानाने त्यांना मुळीच ऐकू येत नसे आणि उजव्याने त्यांना हवं तेवढंच.

त्या दुपारी वहिनी नेहमीसारख्या जेवणाचा डबा घेऊन शेडच्या दारात उभ्या होत्या. दादा पाठमोरे, दोन्ही हात ओंडक्यावर. गाडा थांबलेला. मग वहिनींना दोन ठोके जाणवले. जाणवले म्हणजे कानाला नव्हे, चौकटीला लागलेल्या खांद्याला. ठक, ठक. दादांनी गाडा पुढे ढकलला.

वहिनींच्या मनात आलं, भावजी आज जेवायच्या आधीच लागले वाटतं कामाला.

मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि डब्याची कडी त्यांच्या हातात करकरली.

२

वहिनी तशा भित्र्या नव्हत्या. शाळा मॅट्रिकपर्यंत झाली होती, आणि विज्ञानाच्या बाई त्यांच्या आवडत्या होत्या. ओलं लाकूड चिरताना तडकतं. तडकलं की आवाज होतो. फळी रुळावर पडली तरी आवाज होतो. दोन आवाज झाले म्हणजे कुणी दोनदा ठोकलं असं नाही. सगळं अगदी बरोबर होतं. फक्त दादांनी गाडा ढकलला तो दुसऱ्या ठोक्यानंतर, आणि पहिल्या ठोक्याला ते हलले नव्हते.

जेवताना दादा पात्यापाशीच उभे राहिले. एका हाताने जेवत होते, दुसरा हात ओंडक्यावर.

वहिनी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडल्या, "अहो, मागे कोण आहे?"

"रूळ."

"रूळ ठोकतात का?"

"भाजीत मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे. मी विचारतेय ठोकतं कोण?"

दादांनी घास संपवला, बोटं चाटली आणि सावकाश म्हणाले, "ठोकणारा ठोकतो. चुकत नाही ना? मग झालं तर."

डबा धुवायच्या निमित्ताने वहिनी वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या. तिथे कुणी नव्हतं. रूळ होते, रुळांच्या टोकाला फळ्यांचा थर होता. फळ्या वाळायला ठेवताना दोन फळ्यांत बारीक पट्ट्या घालाव्या लागतात, वारा खेळायला. धाकट्यांना त्याचा भारी कंटाळा. त्यांनी रचलेला थर नेहमी दारुड्यासारखा एका अंगाला झुकलेला असे, आणि त्यावरून दोघा भावांची रोज जुंपे. "तू फळ्या रचतोस का पत्ते पिसतोस?" असं दादा म्हणत.

हा थर ओळंब्यात होता. पट्टीवर पट्टी, कडेला कड. वहिनींनी वर हात फिरवला तर कुठे नखही अडकेना.

दादांनी रचला असेल, त्या स्वतःशी म्हणाल्या. पण दादांची पाठ कशी आहे हे रोज रात्री तेल लावणाऱ्या बाईला ठाऊक नसेल तर कुणाला? भरलेली बादली उचलताना ते भिंतीला धरत. इथली एकेक फळी दोन माणसांच्या ओझ्याची होती.

रात्री त्यांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा दादा चिडले नाहीत. उलट मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, लाकडातून माणसाचा हात कळतो. बाबांचा कळायचा, धाकट्याचा कळायचा. हा हात घरचा आहे. एवढं पुरे."

"पण घरात आपण दोघंच आहोत."

"आत्ता," दादा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

३

मागचा जो कोणी होता, तो काम चोख करत होता. बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त तो तीन ठोके लवकर देईना.

सुरुवातीला दादा दिवस मावळताना घरी येत. मग दिवेलागण उलटू लागली. मग वहिनींना त्यांना हाक मारायला जावं लागू लागलं, आणि दादा मान न वळवता म्हणत, "अजून आलं नाही." काय आलं नाही, ते विचारायची गरज नव्हती. एक ओंडका संपला की दुसरा चढे. दादांच्या गालांची हाडं वर आली, बोटांची पेरं निळसर दिसू लागली. एकदा गाडा ढकलता ढकलता ते छाती धरून खाली बसले आणि पातं तसंच फिरत राहिलं.

डॉक्टर स्वभावाने मऊ होते, पण त्या दिवशी त्यांनी तोंड आवरलं नाही. "हृदय थकलंय. ओझं बंद, पातं बंद. आजपासून. महिनाभर हे असंच चाललं तर मग मला बोलावू नका वहिनी, उगाच येऊन नुसता चहा पिऊन जाईन."

दादांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, गोळ्या खिशात टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी पातं सुरू केलं.

"कळतंय मला," ते म्हणाले. "मला काय हौस आहे? पण मध्येच सोडता येत नाही. त्याने संपलं म्हटलं की मी त्याच पावली उठतो. शप्पथ."

तेव्हा वहिनींनी आयुष्यातली पहिली चोरी केली. गिरणीच्या विजेच्या पेटीतून फ्यूज उपटला आणि पिठाच्या डब्यात लपवला. पातं घरघरत थांबलं. वहिनी अंगणात उभ्या राहून वाट पाहू लागल्या. दादा काही आले नाहीत. जाऊन पाहिलं तर ते स्टुलावर बसले होते, एक तळहात अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर ठेवून, डोळे मिटून. दवाखान्याच्या बाहेर नातेवाईक बसतात तसे. वहिनींनी खूप समजावलं, रडल्या, रुसल्या. रात्रभर ते तिथेच होते. सकाळी त्यांनी वायरमनला बोलावणं धाडलं.

वायरमन बडबड्या माणूस. काम संपवून अंगणात चहा प्यायला बसला तेव्हा वहिनींकडे पाहून मिस्कील हसला.

"काकू, लाईन एकदम ओके होती. फ्यूजच गायब. तुमच्याकडचे उंदीर फार शिकलेले दिसतात."

वहिनी ओशाळल्या. "आणखी बिस्कीट घ्या."

"घेतो की. आणि मागच्या काकांनाही द्या एखादं. देवमाणूस हो!"

वहिनींच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली. "कोणते काका?"

"मागे आडोशापलीकडे होते ते. दिसले नाहीत मला, पण जीव वाचवला त्यांनी. मला वाटलं मेन बंद आहे, नि मी सरळ वायर धरायला हात घातला. तेवढ्यात आडोशावर खाडकन एक ठोका पडला. असा पडला की माझा हात जागीच थांबला. बघतो तर लाईन चालू! चिकटलोच असतो काकू, कोळसा झाला असता." त्याने बिस्कीट चहात बुडवलं. "मी 'थँक्यू हो' म्हणून ओरडलो, पण काही बोलले नाहीत. ऐकायला कमी येतं का त्यांनाही?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "घराणंच तसं आहे."

तो गेल्यावर त्या बराच वेळ ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आपल्याला भीती वाटायला हवी की बरं वाटायला हवं, तेच त्यांना ठरवता येईना. शेडमधून पात्याचा आवाज यायला लागला होता.

४

धाकट्यांना फोन लावला तेव्हा मागे नातवंडांचा कल्ला चालू होता.

"काय वहिनी, आठवण आली का आमची? दादा शिव्या घालत असेल."

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. भावजी, एक विचारते, हसू नका. तुम्ही गेल्यापासून मागे कोण आहे?"

कल्ला हळूहळू दूर गेला. एक दार लागलं. बहुतेक ते दुसऱ्या खोलीत गेले असावेत.

"ठोके पडतात?" धाकट्यांनी विचारलं.

"पडतात. फळ्याही रचल्या जातात. तुमच्यापेक्षा नीट."

ते हसले नाहीत. "वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं? मी मागे होतो तेव्हाही सगळे ठोके माझे नव्हते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मोगरी उचलायच्या आधीच ठोका पडलेला असायचा. आणि बरोबर असायचा. माझ्यापेक्षा बरोबर. दोन-तीनदा दादाची बोटं वाचली त्याने. मला वाटायचं, इतक्या वर्षांची सवय, आपला हात आपोआप चालत असेल, आपल्यालाच कळत नसेल. माणूस स्वतःची समजूत घालतोच ना काहीतरी." ते थांबले. "मग एकदा ठोका पडला तेव्हा माझे दोन्ही हात खिशात होते."

वहिनी खुर्चीवर बसल्या. "आणि कंबर?"

"कंबरेला काय धाड भरलीय? इथे रोज चार जिने चढतो."

"मग दादांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. तो म्हणाला, मला माहीतच आहे. म्हणाला, बाबांनाही माहीत होतं."

वहिनींनी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. दादांची निळी पेरं सांगितली, स्टुलावरची रात्र सांगितली. "मला ते हवेत हो भावजी. तुमची गिरणी, तुमचं घराणं, तुमचे रिवाज, सगळं घाला चुलीत. मला माझा माणूस घरात बसलेला हवाय. वर्तमानपत्र वाचत, माझ्यावर खेकसत."

"तीन ठोके मिळाले तर उठेल तो," धाकटे म्हणाले. "पण ते मागूनच यायला हवेत, आणि घरच्या हाताचे. कुणी गडी उभा करून मारले तर त्याला लगेच कळेल."

"मी घरचीच आहे की."



"तुम्ही जाऊ नका," धाकटे म्हणाले. "मी येतो. पुढच्या आठवड्यात येतो."

"पुढच्या आठवड्यापर्यंत ते राहतील का?"

"वहिनी, ऐका माझं. तिथून निघताना माझी काय अवस्था झाली ते मलाच ठाऊक. कुणी धरलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. पण दाराशी पाय उचलेना. नातीचा फोन खिशात वाजला, त्या आवाजाच्या दिशेने मी चालत सुटलो म्हणून बाहेर पडलो."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही या. मी जेवणाचं बघते." आणि फोन ठेवला.

५

अवघड एकच गोष्ट होती. तीन ठोके द्यायचे तर वाटेत दोन ठोके लागतातच. हात जरा रेंगाळला तर पुढच्याला वाटणार, येऊ दे, आणि तो गाडा ढकलणार. म्हणून ते एका दमात मारावे लागतात, मध्ये श्वास न घेता. वहिनींनी भाजी चिरायच्या फळीवर लाटण्याने सराव केला. ठकठकठक. पुन्हा. पुन्हा. खिडकीतून शेजारीण डोकावली, "काय गं, कुणाचं डोकं समजून हाणतेयस?" वहिनी म्हणाल्या, "नवऱ्याचं," आणि दोघी हसल्या.

दुपारी दादांना डबा दिला, गोळी दिली, ते जेवेपर्यंत शेजारी थांबल्या. घरी जाऊन संध्याकाळचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि उन्हं कलल्यावर वळसा घालून मागच्या दाराने आत गेल्या. पात्याचा आवाज तोच, पण इकडून तो वेगळाच लागत होता. जाड रजईखाली कुणीतरी सतत एकच स्वर लावून बसावं तसा.

आडोशाच्या फटीसमोर जमिनीला दोन उथळ खळगे पडले होते. पिढ्यान् पिढ्या माणसं एकाच जागी उभी राहिली की फरशीचीही पायतणं होतात. वहिनींनी एक पाय ठेवला, मग दुसरा. खळगे मोठ्या पुरुषी पावलांचे असतील असं त्यांना वाटलं होतं. पण ते त्यांच्या पायांना अगदी बेताचे झाले. मोगरी खुंटीला होती. तिची मूठ धरून धरून मधे बारीक झाली होती. त्यांनी ती घेतली. थंड असेल असं वाटलं होतं.

फटीतून फळी येऊ लागली. हात हात पुढे सरकत, ओली, वास सोडत. वहिनींनी ती धरली. फळी जड नव्हती. एका बाईला पेलणार नाही एवढी रुंद फळी त्यांच्या बोटांवर ताटलीसारखी तरंगत होती. म्हणजे पलीकडची कड कुणीतरी उचललेली होती.

वर बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मग बघितलं.

कुणी नव्हतं. फटीतून भुशाचा फवारा उडत होता आणि उन्हाच्या पट्ट्यातून संथ खाली येत होता, सगळीकडे सारखा. रुळांवर, फळीवर, खुंटीवर. फक्त फळीच्या पलीकडे, भिंतीच्या अलीकडे, एका माणसाएवढ्या जागेत तो पडत नव्हता. वरून येत येत तिथवर पोचायचा आणि बाजूने निघून जायचा. खाली फरशीवर तेवढी जागा स्वच्छ होती. जागेला रुंद खांदे होते. डावीकडे जिथे हात असायला हवा, तिथे कोपराच्या खाली मात्र भुसा पडत होता. धाकटे आजोबा, वहिनींच्या मनात आलं.

वहिनींनी ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांना वाटलं तेवढा आवाज काही निघाला नाही, आणि निघाला असता तरी ऐकायला होतं कोण? ती जागा हलली नाही. ती नुसती वाट पाहत होती. कशाची, ते वहिनींना एकदम लख्ख कळलं. कामावरच्या माणसाची पाळी संपते आणि पुढच्या पाळीचा माणूस दारात दिसतो, तेव्हा तो कसा पाहतो, तसं होतं ते.

पळता आलं असतं. दार चार पावलांवर होतं. पण फळी अजून फटीतून येतच होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला दादांचे तळहात होते. वहिनींना ते लाकडातून कळले. थकलेले, थरथरणारे. दादा म्हणत होते ते खरं होतं तर.

त्यांनी मोगरी उचलली आणि एका दमात मारली.

ठकठकठक.

पातं विव्हळलं, जड झालं, आणि थांबलं. फळीचा सगळा भार एकदम वहिनींच्या हातात आला. हवेत उरलेला भुसा खाली बसू लागला. त्या भिंतीजवळच्या स्वच्छ फरशीवरही तो पडला, हळूहळू, जिकडे तिकडे सारखा.

६

दादा वळसा घालून मागे आले. मेंढीसारखे पांढरे, पापण्यांवर भुसा, मिशीवर भुसा. त्यांचे खांदे खाली उतरले होते, खूप लांबून ओझं आणून टाकलेल्या माणसासारखे.

"तू होतीस?" ते म्हणाले. "म्हटलं हा हात कुणाचा! घरचा तर आहे, पण ओळखीचा लागेना. अगं, इतका मऊ ठोका आजवर कुणी दिला नसेल या गिरणीत."

"संपलं ना आता?"

"संपलं." त्यांनी भिंतीला टेकून एक लांब श्वास घेतला. वहिनींनी पाहिलं, कितीतरी दिवसांनी त्यांच्या ओठांना रंग होता. "मी पातं उतरवून विकून टाकतो. धाकट्याला फोन कर. म्हणावं, दादा पेन्शनीत निघाला. आणि आज काहीतरी चांगलं कर जेवायला, मीठ घालून."

"मीठ रोजच घालते मी."

दादा हसले. हसता हसता, सवयीने, रोज संध्याकाळी दारात त्या त्यांचे खांदे झटकत तसा, त्यांनी हात पुढे करून वहिनींचा खांदा झटकला. मग थांबले. पुन्हा एकदा झटकला. आपला तळहात उलटा करून पाहिला. वहिनींच्या खांद्यावर, केसांत, बाहीच्या चुण्यांत, भुशाचा एक कण नव्हता.



"चल घरी," दादा म्हणाले. आवाज बदलला होता.

"तुम्ही व्हा पुढे. एवढी फळी ठेवते नि आलेच."

"राहू दे ती फळी."

"वाकडी राहील."

दादांनी त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. जोरात नाही, पण कमीही नाही. वहिनींनी पाय उचलून पाहिला, पण दाराकडे तो पडेना. मग त्यांनी हळूच मनगट सोडवून घेतलं आणि फळीची कड खालच्या फळीच्या कडेला लावली.

"मग मीही थांबतो इथे," दादा म्हणाले. थकलेल्या मुलासारखे ते तिथेच रुळावर बसायला लागले.

"अजिबात नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुमचं काम संपलं. घरी जाऊन पडा."

"आणि तुझं?"

माझं तर आत्ताच सुरू झालंय, असं वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी दादांच्या ओठांकडे पाहिलं, बोटांच्या पेरांकडे पाहिलं.

"ताट झाकून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "गार व्हायच्या आत जेवून घ्या."